टाकी उपसणार कोण?

"माई, मागच्या अंगाला खणाखण कसली चाललीय? विहीर पाडताय का?"

"विहीर कसली, वैनी! न्हाणीचं, मोरीचं पाणी थेट व्हाळात जायचं, ते अडवतोय. व्हाळ मिळतो शापोरा नदीला, नि तिथल्या तिसऱ्या खातो आपणच! थोरल्यानं नागपूरच्या 'नीरी' संस्थेचं फायटोरिड तंत्र डोक्यात घेतलंय. खड्ड्यात खडी भरायची, वर कर्दळ नि पाणकणीस लावायचं. मुळांशी नि खडीवर जिवाणू वाढतात, ते घाण खातात. उतार असला की विजेचंही काम नाही."

"म्हणजे दारात डबकं! पेडण्यात डास कमी पडले का?"

"अगो, पाणी खडीच्या चार बोटं खालूनच जातं. डास अंडी घालणार कुठे, माझ्या अंबाड्यावर? फक्त गाळ आत शिरता कामा नये, नाहीतर सगळं तुंबलं."

"मग आमच्या माहेरी डिचोलीत कठीणच. पावसात खाणीची माती उतरली की पाणी लालभडक. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा वाटलं सुटलो. आता पुन्हा सुरू."

"तिथे आधी माती खाली बसायला मोठं तळं हवं. कर्दळ माती नाही खात."

"पण किनाऱ्याकडच्या त्या हॉटेलवाल्यानं केलं होतं ना असंच? पाहुणे फोटो काढायचे."

"पुढे फोटो, मागे बोंब! मोरीतलं तेल कुणी काढायचं, यावरून माळी नि आचारी भांडले. खडीवर तेलाचा थर बसला आणि घाण उलटून हिरवळीवर आली. उलट आमच्या सासऱ्यांच्या खाजनात, खाडीकाठच्या शेतात, बांधातल्या मानशीचं दार भरतीला आपोआप मिटायचं, ओहोटीला उघडायचं. पण खेकड्यानं बांधाला भोक पाडलं की चिखल घेऊन माणसंच धावायची, म्हणून शेत टिकलं."

"मग तुमच्या खड्ड्यासाठी कोण धावणार?"

"मोरीच्या तोंडाशी तेल धरायला छोटी टाकी बांधलीय. दर आठवड्याला उपसायची. थोरला म्हणतो, 'आई बघेल.'"

"वा! शोध नागपूरचा, कौतुक लेकाचं, नि उपसणं तुमच्या नशिबी!"

"छे! सांगितलंय, पहिला आठवडा तुझा. तुमच्याही मोरीचं पाणी याच व्हाळात जातं ना, वैनी? पाइप इकडे वळवा, दुसरा आठवडा तुमच्या ह्यांचा."

"आमचे हे? पाणी पिऊन झाल्यावर पेला उचलत नाहीत ते!"

"पेला दिसत नसेल बिचाऱ्यांना. टाकी चांगली मोठी आहे."