जन्मठेप एका फायलीची

हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्याला निदान सुटकेची तारीख तरी मिळते. गावातल्या एका मंडळाचा जमाखर्च मात्र एक्सेलच्या फायलीत जन्मठेप भोगतोय. खजिनदार पासवर्ड विसरले, तेही नेमके हिशेब मागितल्यावर! नुसत्या शीटला घातलेलं कुलूप शेंबडं पोरही काढतं. पण 2007 च्या ऑफिसपासून अख्खी फाईलच एईएस पद्धतीने बंद करता येते. मग पासवर्ड गेला की मायक्रोसॉफ्टही हात वर करतं. ई-आधारच्या पासवर्डचं तसं नाही. नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं, पुढे जन्मसाल. झेरॉक्सवाला आपल्याला न विचारताच टाइप करतो. कडेकोट काय ती मंडळाची वर्गणी! खजिनदारसाहेब, यंदा हिशेब वहीत लिहा आणि वही मंडपातच ठेवा.