जमा म्हणजे विक्री नव्हे

आमचं किराणा दुकान कराडच्या जुन्या पेठेत आहे. आधी वडील बसायचे, आता मी बसतो. मला काही तक्रारी मांडायच्या आहेत. एकेक घेतली तर लहान आहे, पण ती रोज सोसावी लागते.

पहिली तक्रार काउंटरवरच्या स्पीकरची. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन पडत नाही. ही मोठी सोय आहे आणि तिची मला जाणीव आहे. मात्र स्पीकरचं भाडं दरमहा कापलं जातं, गावी जाऊन आठ दिवस दुकान बंद ठेवलं तरी. भाड्याहून जास्त खुपतं ते त्याचं ओरडणं. दोन हजारांच्या उधारीतले तीनशे द्यायला एखादी बाई मुद्दाम दुपारी येते, दुकानात कोणी नसताना. तेवढ्यात स्पीकर तीनशेचा आकडा समोरच्या शिंप्यापर्यंत पोहोचवतो. असे पैसे वडील न मोजता गल्ल्यात टाकत आणि ती गेल्यावर वहीत लिहीत.

दुसरी तक्रार अडकलेल्या पैशांची. गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण येते आणि माझा स्पीकर गप्प राहतो. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं, मीही बोलत नसतो. तरी मागं रांग उभी असताना आम्ही दोघं एकमेकांकडं संशयानं बघतो. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडकलं. त्या दिवशी मी ओळखीवर माल दिला. बहुतेकांनी संध्याकाळी पैसे आणून दिले. दोघांचे राहिले. त्यांना आठवण करून देणंही मला जड जातं, कारण त्यांच्या मते पैसे तेव्हाच गेले आहेत.

तिसरी तक्रार माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी आहे. ‘‘काका, पाचशे रोख द्या, स्कॅनरवर टाकते,’’ असं म्हणत दिवसातून चार-पाच जण येतात. एटीएम लांब असतं किंवा त्यात पैसे नसतात. मी गल्ल्यातून पाचशे काढून देतो. माल एक कणही हलत नाही. रोज अशा पाच नोटा धरल्या तर वर्षाला नऊ लाखांच्या वर रक्कम होते, आणि ती सगळी दुकानाच्या खात्यात दिसते. गल्लीतल्या भिशीचे हप्ते त्याच स्कॅनरवर येतात. आईच्या औषधांचे पैसे पुण्याहून भाऊ त्याच नंबरवर पाठवतो, कारण त्याच्याकडं तोच नंबर आहे.

वडिलांच्या वहीत या प्रत्येकाला जागा होती. रोख विक्री, उधारी वसुली, हातउसने, घरखर्च अशी वेगवेगळी पानं होती. बँकेच्या उताऱ्यात एकच शब्द आहे, जमा.

हा शब्द किती महाग पडू शकतो, ते जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात दिसलं. तिथल्या वाणिज्य कर खात्यानं २०२१-२२ पासूनची यूपीआयची आकडेवारी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटी मागणाऱ्या नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत अनेकांनी स्कॅनर काढून ‘फक्त रोख’ असे कागद चिकटवले. पुढं तिथल्या सरकारला त्या मागण्यांवर माघार घ्यावी लागली. पण कागद चिकटवताना त्या लोकांना काय वाटलं असेल, ते मला नीट कळतं.

नुसता माल विकणाऱ्याला जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे. ऐकायला मोठी वाटते. हिशेबानं रोजचे अकरा हजार झाले. त्यात साबणाबरोबर पिशवीतलं दूधही मोजलं जातं. दुधावर कर नाही आणि मला त्यात मोजके पैसे सुटतात, तरी उलाढालीत ते पूर्ण किमतीनं बसतं. आम्ही ही मर्यादा ओलांडली म्हणून मी कंपोझिशन घेतलं. करपात्र विक्रीवर एक टक्का खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मागायची नाही. हे मान्य करूनच मी सही केली.

म्हणूनच २२ सप्टेंबर २०२५ ची सकाळ कठीण गेली. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. चांगला निर्णय होता. गिऱ्हाईक नवा भाव मागत होतं आणि त्याचं बरोबर होतं. पण फळीवरचा माल मी १८ टक्के देऊन भरला होता आणि तो फरक मला कुठूनच परत मिळणार नव्हता. ज्यांना मी रोज तोंड दाखवतो, त्यांना कंपोझिशन समजावत बसण्यापेक्षा मी भाव कमी केला.

आयकराचंही असंच आहे. सीए ज्याला ४४ एडी म्हणतात, त्यात बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात. वह्या तपासून घ्याव्या लागत नाहीत, म्हणून लहान दुकानदाराला ही सवलत हवीच. पण आकडेमोड विक्रीची आहे. पाचशेच्या त्या नोटांचे नऊ लाख कुणी विक्री धरले, तर त्यावर चौपन्न हजारांचा नफा निघतो. मला त्यात एक रुपयाही मिळालेला नाही.

सीएंनी सांगितलं, दुकानाचं चालू खातं वेगळं ठेवा, घरचा नंबर वेगळा ठेवा, रोज रात्री टिपण करा. मी करतो. दुकान बंद झाल्यावर मुलगी फोनमधल्या नोंदी वाचते आणि मी प्रत्येकीपुढं विक्री, उधारी, उसने असं लिहितो. अर्धा तास जातो. माझी मागणी एवढीच आहे की पैसे येताच फोनवर ही खूण करायची सोय असावी, ती सरकारी कागदात धरली जावी, आणि नोटीस काढण्याआधी खात्यानं एकदा दुकानदाराला विचारावं. कर द्यायला माझी ना नाही.

सीएंचा आणखी एक सल्ला होता, रोख देणं बंद करा. गेल्या महिन्यात मागच्या वाड्यातल्या वहिनी आल्या. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षावाल्याला रोखच हवे होते. पस्तीस वर्षांत या दुकानातून त्यांना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं. त्या काही न बोलता वळल्या आणि शेजारच्या मेडिकलची पायरी चढल्या.