थांबा, पण कारण सांगून

ऑकलंड विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही संगणकभाषा घडवली. तिच्यात ‘स्टॉप’ नावाचं फंक्शन आहे. कंसात आपल्या शब्दांत कारण लिहायचं. स्क्रिप्ट तिथंच थांबते आणि कारण पडद्यावर उमटतं. ‘वयाच्या रकान्यात ऋण आकडा, फाइल तपासा’ एवढं लिहिलं तरी पुढच्या माणसाचा दिवस वाचतो. आमचे बहाद्दर लिहितात, ‘काहीतरी चुकलं’. अहो, ते दिसतंच आहे! त्याहून थोर मंडळी ‘कॉल’चा पर्याय ‘फॉल्स’ करून ठेवतात, म्हणजे कुठल्या फंक्शननं मान टाकली तेही गुलदस्त्यात. सरकारी खिडकीवरचं ‘साहेब नाहीत’ परवडलं. ‘आरस्क्रिप्ट’ या आज्ञेनं स्क्रिप्ट चालवली, तर कारणाखाली आर आपण होऊन जोडते, ‘एक्झिक्युशन हॉल्टेड’. चला, एवढं तरी कळलं.