स्वारी स्पेनदेशी

मुक्काम थारागोथा, स्पेन

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

आम्ही म्युनिच सोडण्याच्या आदल्या दिवशी तुझे पत्र पावले. चार दिवसांच्या सहलीसाठी या वयात परक्या मुलखाची भाषा घोकण्याची उठाठेव कशाला, खाणाखुणांनी भागत नाही काय, ही तुझी पृच्छा लोणावळ्याच्या बाजारपेठेत सर्व धर्मांच्या गिऱ्हाइकांशी एकाच मराठीत व्यवहार केलेल्या माणसास शोभेल अशीच आहे. परंतु ज्या वेहेरगावच्या डोंगरावर तू दर चैत्रात एकवीरेच्या यात्रेस जातोस, तेथल्याच कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान केले आणि त्या दानाची नोंद ब्राह्मी लिपीत, तेथल्या प्राकृतात कोरविली, ही गोष्ट तू विसरतोस. त्यांचा मुक्काम किती होता हे लेखात नमूद नाही. पण स्वखर्चाने खांब द्यायचा आणि पावती मात्र परभाषेत घ्यायची, एवढी मुरवत त्यांनी दाखविली. मी तर केवळ कॉफी मागणार होतो.

आमचे अध्ययन नातीच्या देखरेखीखाली पार पडले. तिच्या शाळेत स्पॅनिश हा विषय आहे, आणि आजोबांचे कान उपटण्याची संधी वारंवार येत नसल्याने तिने ती पुरेपूर साधली. मुलगा नि सूनबाई इंग्रजी पुस्तकाच्या वाटेने गेली आणि त्या वाटेतच अडखळली, कारण ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्यात कॉफी कर्त्याच्या जागी का बसते आणि पिणारा चतुर्थीत का उभा राहतो, हे कोडे इंग्रजीतून सुटता सुटत नाही. मला त्यात कोडेच दिसले नाही. ‘मला कॉफी आवडते’ असे आपण जन्मभर म्हणत आलो, तेच हे. मुळाक्षरांत असूनही आयुष्यभर कामाविना बसलेल्या त्या बिचाऱ्या ‘ञ’ला तर येथे देशाच्या नावातच नोकरी मिळाली आहे: एस्पाञा. आदरार्थी ‘उस्तेद’ हे मूळ ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनाचे झिजलेले रूप असून त्याच्यामागून क्रियापद तृतीय पुरुषी येते. ‘स्वारी कोठे निघाली?’ असे समोरच्यालाच विचारणाऱ्या आपल्या घरात हे निराळे शिकवावे लागेल काय? साठ आणि सत्तर यांच्यात मात्र एका अक्षराचा फरक आहे, सेसेंता आणि सेतेंता. किंमत विचारल्यावर ती कागदावर लिहून घ्यावी, असा माझा दंडक आहे.

खरा आनंद मला कचेरीच्या शब्दांनी दिला. इ. स. 711 मध्ये अरबी अंमल या भूमीवर आला, 1492 मध्ये ग्रानादा पडले तेव्हा तो संपला, पण त्याचे दफ्तर येथेच राहिले. वडगावच्या मामलेदार कचेरीत ज्याने उभा जन्म ‘फलाणा बिन फलाणा’ लिहिण्यात घालविला, त्यास अमक्या-तमक्याला येथे ‘फुलानो’ म्हणतात हे कळल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना कर. जकात कचेरीचे ‘अदुआना’ हे नाव म्हणजे आपल्या दिवाणाचेच सगोत्र. येथील नगराध्यक्षास ‘अल्काल्दे’ म्हणतात, तो मूळचा काझी; आणि ‘आल्ग्वाथिल’ म्हणजे कोर्टाचा बेलीफ, तो मूळचा वजीर! काझीला बढती आणि वजिराची बेलिफाच्या जागी रवानगी, हा हुकूम कोणी काढला असेल तो असो; आमच्या खात्यातही बदल्या याच न्यायाने होत असत.

या सर्व विद्वत्तेचा भोजनप्रसंगी काडीइतका उपयोग झाला नाही. येथील एका खानावळीत मी ‘सिन कार्ने, पोर फाबोर’, म्हणजे कृपया मांसाविना, असे शुद्ध उच्चारात सांगितले. वाढपी ‘बाले, बाले’ म्हणत गेला (हा ‘बाले’ आपल्या ‘बरं’सारखा वाक्यागणिक येतो) आणि मेनेस्त्रा नामक मिश्र भाजी घेऊन आला. वाटाणा, गाजर, फरसबी, आर्टिचोक यथास्थित होते, आणि त्यांच्यामधून डुकराच्या खारवलेल्या मांसाचे गुलाबी चौकोनी तुकडे डोकावत होते. मी बोट दाखविले. त्यावर तो गृहस्थ अत्यंत निरागसपणे म्हणाला, हे मांस कोठे, हे तर ‘खामोन’! मी संतापणार होतो, पण तुझ्या वहिनीने मला आवरले. ती म्हणाली, उपवासाच्या ताटातला बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा, आणि साबुदाण्याचा कंददेखील, हे सर्व अमेरिकेतले. कोलंबसानंतर या स्पॅनिश-पोर्तुगीज मंडळींनीच ते जगभर पोहोचविले. आपल्या ऋषींनी ज्यांचे नावही ऐकले नव्हते ते पदार्थ आपण एकादशीला ‘चालतात’ म्हणून निःशंक खातो. मग यांना खामोन भाजीत चालले तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार? एवढे म्हणून तिने नातीकडून ‘नी खामोन, नी अतून, नी चोरीथो’ हे निषेधसूक्त पाठ करून घेतले. यातला अतून म्हणजे ट्यूना मासा. तो कोशिंबिरीत न विचारता येतो. तेव्हापासून पोळीइतके जाड बटाट्याचे काप घातलेल्या ऑम्लेटवर मुलगा, आणि पाव-टोमॅटोवर आम्ही दोघे सुखाने आहोत.

आता तुझ्याकडचे काम. येथे ‘गिर्लाचे’ नावाची बदामाची चिक्की करतात. तापल्या साखरेचा पाक तांबूस झाला की त्यात भाजलेले अख्खे बदाम लोटायचे, तेल लावलेल्या संगमरवरी फरशीवर ओतायचे आणि गरम आहे तोवर सुरीने कापायचे. वडी बोटभर जाड होती व माझ्या कवळीस ती झेपली नाही. वामकुक्षी आटोपून पाच वाजता उघडलेल्या त्या दुकानातील वृद्ध बाईंनी ‘इंडिया’ हा शब्द कानी पडताच ‘बिथेंते फेरेर!’ असा उद्गार काढला. तुला आठवत असेल, मनमाडच्या शेतकऱ्यांना विहिरी खणावयास लावणारा तो बार्सिलोनाचा पाद्री, ज्याला 1968 मध्ये देश सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा शेतकरी त्याच्यासाठी पायी मुंबईकडे निघाले होते. पुढे तो परत आला आणि अनंतपूरचा झाला. मी ‘मनमाड’ म्हणालो, बाईंनी मान डोलावली, आणि नातीच्या मध्यस्थीने आमचे संभाषण चिक्कीवर आले. शेंगदाणा आणि गूळ, तोही नखाएवढा पातळ, हे त्यांना खरे वाटेना.

तरी दाण्याची एक किलो पातळ चिक्की, ताज्या घाण्यातली, सोबतच्या पत्त्यावर रवाना करावी. वेष्टन हवाबंद असावे, नाहीतर आपल्या श्रावणातली हवा तिचा गोळा करील. हिशेब मजकडून मागून घे. बाईंनी पैसे आगाऊ माझ्या खिशात कोंबले आहेत, आणि ‘राहू द्या हो, कशाला’ म्हणून ते परत करण्याइतके स्पॅनिश मला अद्याप येत नाही.

तुझा,
अण्णा