पेडगावचं परतीचं तिकीट

खून करायचा, वेड पांघरायचं आणि पेडगाव गाठायचं. शिक्षा नको नि काही नको! एखाद्या भयंकर खटल्यात आरोपीच्या वकिलाने मानसिक आजाराचा मुद्दा काढला रे काढला, की चहाच्या टपरीवर हा निकाल सुनावला जातो. त्यावर अपील नाही. कॅनडात टपऱ्या नाहीत, टिम हॉर्टन्स आहे. तिथेही हाच निकाल लागतो, फक्त कॉफीबरोबर.

तर आज या पेडगावची जरा चौकशी करू. कॅनडातल्याच पेडगावची, कारण तिथे निदान हजेरीपट ठेवलेला असतो.

30 जुलै 2008 ची रात्र. मॅनिटोबा प्रांतात, पोर्टेज ला प्रेअरी गावाजवळ, ग्रेहाउंडच्या बसमध्ये विन्स ली नावाच्या प्रवाशाने शेजारच्या सीटवरच्या 22 वर्षांच्या अनोळखी तरुणाला भोसकून मारलं. त्यानंतर बसमध्ये जे झालं ते इथे लिहीत नाही. ज्यांना ते वाचायचं होतं त्यांनी तेव्हाच चवीने वाचलंय. लीला स्किझोफ्रेनिया होता. देव आपल्याशी बोलतो आणि हुकूम सोडतो, अशी त्याची पक्की समजूत होती. खटल्यात सरकारी बाजूचा मनोविकारतज्ज्ञ आणि बचावाचा मनोविकारतज्ज्ञ यांचं चक्क एकमत झालं. मार्च 2009 मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की कृत्य याचंच, पण आजारामुळे गुन्ह्याची जबाबदारी याच्यावर टाकता येत नाही. रवानगी झाली सेल्कर्कच्या मनोरुग्णालयात.

टपरीच्या हिशेबाने गडी सुटला. आता जरा खरा हिशेब बघा. खुनाची शिक्षा झाली असती तर अमुक वर्षांनी पॅरोल मागता येईल असा एक आकडा तरी हाती पडला असता. या निकालात आकडाच नाही. दोन वर्षं राहाल, वीस राहाल किंवा मरेपर्यंत राहाल. गुन्हा किरकोळ असला तरी हीच गत. दुकानात धक्काबुक्की केलेला माणूस तुरुंगात जेवढा राहिला असता त्याच्या कितीतरी पट काळ इस्पितळात राहू शकतो. म्हणून किरकोळ प्रकरणात तिथला शहाणा वकील अशिलाला पेडगावचं नाव काढायच्या आधी दहादा विचार करायला लावतो. प्रौढांच्या फौजदारी खटल्यांत हा निकाल हजारात एकापेक्षाही कमी वेळा लागतो. एवढी सोपी पळवाट असती तर तिथे चेंगराचेंगरी झाली असती.

आकडा नसला तरी तारीख मात्र असते, आणि सगळा तमाशा या तारखेचा आहे.

प्रत्येक प्रांतात एक पुनर्विलोकन मंडळ असतं. किमान पाच सदस्य, अध्यक्ष न्यायाधीश किंवा न्यायाधीश होण्याच्या पात्रतेचा, आणि एक तरी मनोविकारतज्ज्ञ. दर बारा महिन्यांनी या मंडळापुढे त्या माणसाची सुनावणी होते. इस्पितळाचा अहवाल येतो, डॉक्टरला उलटसुलट विचारलं जातं, सरकारी वकील बोलतो, त्याचा वकील बोलतो, बळीच्या घरच्यांना आपलं दुःख वाचून दाखवता येतं. मंडळापुढे पर्याय तीनच. इस्पितळात ठेवा, अटी घालून सोडा किंवा पूर्ण सोडा.

कसोटी कोणती? याने केलं ते किती भयानक होतं, ही नव्हे. यापुढे लोकांच्या जिवाला याच्यापासून खरोखरीचा मोठा धोका आहे का, एवढंच बघायचं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या विन्को खटल्यात हे फोड करून सांगितलं. किरकोळ त्रासाची दाट शक्यता पुरत नाही, आणि भीषण इजेची नाममात्र शक्यताही पुरत नाही. शिवाय आपण निरुपद्रवी आहोत हे त्या माणसाने सिद्ध करायचं नसतं. धोका आहे असं मंडळाला ठामपणे म्हणता आलं नाही, तर सोडणं भाग आहे.

लीच्या बाबतीत हे कसं झालं ते पायरीपायरीने बघण्यासारखं आहे. 2010 मध्ये कर्मचारी बरोबर घेऊन इस्पितळाच्या आवारात फिरायची परवानगी मिळाली. एवढ्यावरून प्रांतभर रान उठलं. न्यायमंत्र्यांनाही ते रुचलं नाही. मग सोबतीने गावात. 2014 मध्ये एकट्याने सेल्कर्क गावात, सुरुवातीला फक्त तीस मिनिटं. तीस मिनिटांत आपल्याकडे एसटी स्टँडवर सुट्टे पैसेही मिळत नाहीत. तिथे तेवढ्यात एका माणसाने फाटकाबाहेर पडायचं, रस्ता ओलांडायचा आणि घड्याळ बघत परत यायचं. आला वेळेवर, तर वेळ थोडी वाढवायची. 2015 मध्ये विनिपेगमधलं देखरेखीचं घर, 2016 मध्ये स्वतंत्र राहणं आणि फेब्रुवारी 2017 मध्ये पूर्ण मुक्तता. आठ वर्षं, आणि दर वर्षी तीच विचारपूस: गोळ्या घेतो का, आवाज ऐकू येतात का, आपण काय केलं ते त्याला कळतं का. आमच्याकडे आमदारकीच्या तिकिटालासुद्धा इतकी छाननी नसते.

मारल्या गेलेल्या मुलाच्या आईला मात्र यातली एकही पायरी मान्य नव्हती. या माणसाने कधीच बाहेर येऊ नये, यासाठी ती जाहीरपणे झगडली. तिला कुणी विन्को खटला समजावायला जाऊ नये. मुलगा गेला तो गेला, वर दर वर्षी त्याच्या मृत्यूची उजळणी होणाऱ्या खोलीत तिने जायचं. ही या पद्धतीची खरी बोच आहे, आणि ती नाकारणारा माणूस एक तर वकील असतो किंवा भाष्यकार. म्हणजे मीही आलोच.

पण तिच्या दुःखावर मतांची पोळी भाजणाऱ्यांचं काय? स्टीफन हार्पर यांच्या सरकारने 2014 मध्ये कायदा बदलला. कोर्टाने एखाद्याला ‘अतिधोकादायक’ ठरवलं तर त्याची सुनावणी दर वर्षाऐवजी तीन वर्षांपर्यंत पुढे ढकलता येईल, त्याला एकट्याने बाहेर सोडता येणार नाही, वगैरे. कारण काय दिलं? बळीच्या कुटुंबांना दर वर्षी तोच मनस्ताप नको. खपली तीन वर्षांनी काढली की दुखत नाही, असा शोध ओटावात लागला असावा. मनस्ताप कमी करायला समुपदेशक देता आले असते, सुनावणीत सोबतीला माणूस देता आला असता. त्याला पैसे पडतात. कायद्यात शब्द घालणं स्वस्त.

आणि गंमत पुढे आहे. ज्या गाजलेल्या प्रकरणांवरून गदारोळ झाला त्यांतलं एक ब्रिटिश कोलंबियातलं होतं; बापाने आजाराच्या भरात स्वतःच्या तीन मुलांना मारलं होतं. त्याला ‘अतिधोकादायक’ ठरवा म्हणून सरकार कोर्टात गेलं. 2017 मध्ये कोर्टाने नाही म्हटलं.

आकडेवारीही टपरीला साथ देत नाही. ब्रिटिश कोलंबिया, ऑन्टॅरिओ आणि क्वेबेक या तीन प्रांतांतल्या अशा 1,800 लोकांचा माग संशोधकांनी काढला. तीन वर्षांत पुन्हा गुन्ह्यात सापडले सुमारे 17 टक्के. गंभीर हिंसक गुन्ह्यात पुन्हा सापडलेले जेमतेम 0.6 टक्के. तुरुंगातून सुटणाऱ्यांचे आकडे याहून कितीतरी वाईट असतात, पण त्यांच्या सुटकेवर कुणी कॅमेरा लावून बसत नाही.

हे सगळं कॅनडाला आकाशातून सुचलेलं नाही. 1992 पर्यंत तिथेही असा माणूस लेफ्टनंट गव्हर्नरच्या मर्जीपर्यंत कोंडलेला असायचा. ओवेन स्वेन नावाचा एक जण 1983 मध्ये घरच्यांवर हल्ला केल्याबद्दल पकडला गेला. उपचाराने तो बरा झाला, जामिनावर घरी राहू लागला, औषधं नीट घेऊ लागला. मग खटल्याचा निकाल लागला की तो वेडाच्या कारणाने दोषी नाही, आणि त्याच निकालाने त्याला पुन्हा कोंडायचा हुकूम आपोआप निघाला. बरा झालेला माणूस, निर्दोष ठरल्याबद्दल आत! 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही आपोआप होणारी कैद घटनाबाह्य ठरवली, आणि तेव्हा कुठे मंडळं, बारा महिने आणि तारखा आल्या.

आता घरचं पाहू. नातं दूरचं नाही, आजोबा एकच आहेत. 1843 मध्ये डॅनियल मॅक्नॉटनने इंग्लंडच्या पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घातली, त्यावरून लॉर्डांच्या सभेत नियम घडले. कॅनडाच्या कायद्यात ते उतरले, तसेच आपल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्येही. वेडाच्या भरात केलेल्या कृत्याला गुन्हा म्हणायचं नाही, इथपर्यंत दोन्ही भावंडं एकसारखी. फरक पुढे पडतो. ‘मग त्याचं करायचं काय?’ या प्रश्नाला आपलं उत्तर आहे: सुरक्षित ठिकाणी ठेवा.

म्हणजे महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं.

सुटायचं कसं? एक वाट अशी की नातेवाइकाने किंवा मित्राने अर्ज करावा, याला नीट सांभाळीन आणि हा स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही अशी हमी कोर्टाला पटेल अशी द्यावी. कागदावर छान आहे. पण अशा आजारात हात बहुतेक वेळा जवळच्या माणसावरच उठतो. बायको गेली किंवा आई गेली. उरले भाऊ-भावजय, आणि त्या घरात आता त्यांची मुलं वाढताहेत. इस्पितळाचं पत्र गावी जातं, पोलीस पाटलाकडून फिरतं, आणि ‘सदर इसमाचे नातेवाईक ताबा घेण्यास तयार नाहीत’ असा शेरा घेऊन परत येतं. ते पत्र फाइलला टाचलं जातं. भावाला दोष देता येत नाही. दोष कोणाला द्यायचा ते कायद्याने सांगितलेलं नाही, आणि सोय तीच आहे.

दुसरी वाट अशी की इस्पितळाच्या निरीक्षकांनी हा धोक्याशिवाय सोडता येईल असं प्रमाणित करावं, मग राज्य सरकारने हुकूम काढावा. वाटल्यास सरकारने एक न्यायिक अधिकारी आणि दोन वैद्यकीय अधिकारी यांचा आयोग नेमावा. ‘वाटल्यास’ आणि ‘नेमता येईल’ या दोन पायांवर ही वाट उभी आहे. दर बारा महिन्यांनी याला आमच्यासमोर आणा आणि हा अजून आत का, ते सांगा, असं विचारणारं कोणी नाही.

न विचारल्याने काय होतं, त्याचं नाव आहे मचांग लालुंग. आसामच्या सिलसांग गावचा, 1951 मध्ये मारहाणीच्या आरोपावरून पकडला तेव्हा वय 23. तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडला. 1967 मध्ये इस्पितळाने कळवलं, माणूस बरा आहे. मग घरी सोडला? छे, गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवला. खटला कधी उभाच राहिला नाही, त्यामुळे त्याला वेडाच्या कारणाने दोषमुक्तही कुणी केलं नव्हतं. 2005 मध्ये तो बाहेर आला, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर, 54 वर्षांनी. दोन वर्षांनी वारला. एका रुपयाचा हिशेब मात्र चोख.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला तेव्हा वाटलं, आता काहीतरी होईल. त्यात मंडळं आहेत, जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष आहे, मनोविकारतज्ज्ञ आहे, आजारातून गेलेल्यांना किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही जागा आहे. कॅनडाला हेवा वाटावा अशी रचना! पण कोर्टाने पाठवलेल्या माणसाची किल्ली कोर्ट आणि राज्य सरकार यांच्याच खिशात राहिली. तुरुंगांसाठी याच कायद्यात कलम 103 आहे, ते मी सवडीने दोनदा वाचलं. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला अहवाल पाठवायचा. कसला? आमच्या तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही, असं प्रमाणित करणारा! हेतू चांगला असणार. आजारी कैद्याला इस्पितळात हलवा, तुरुंगात कोंडून ठेवू नका, असा. पण परीक्षेआधीच उत्तर छापून देणारी ही पहिलीच प्रश्नपत्रिका. डॉक्टरने तपासावं की सही करावी, हा प्रश्न डॉक्टरवर सोडलाय.

1 जुलै 2024 पासून तर नव्या फौजदारी कायद्यांचं पर्व. ब्रिटिशांचं जोखड फेकून दिलं. कलम 84 चं 22 झालं आणि दोषमुक्त मनोरुग्णाला सुरक्षित ठेवायचं कलम 335 होतं, ते 374 झालं. मजकूर पाहाल तर तीच हमी, तोच नातेवाईक, तेच ‘नेमता येईल’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एकंदर 531 कलमं आहेत. वर्षातून एकदा त्याची सुनावणी घ्या, ही एक ओळ त्यात मावली नाही.

टपरीवरून एव्हाना आवाज आला असेल: इथे साध्या माणसाचे खटले वीस-वीस वर्षं पडून आहेत, आणि खुन्यांसाठी दर वर्षी तारीख? बरोबर आहे. पण आत काय आहे ते तरी कळू द्या. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, या चार ठिकाणी कोर्टाने पाठवलेले किती, कोण किती वर्षं आहे, किती जणांना डॉक्टरांनी बरं ठरवलंय आणि किती फाइलींना ‘ताबा घेण्यास तयार नाहीत’चा शेरा टाचलाय, एवढा तक्ता गृहखात्याने पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवावा. एका पानाचं काम आहे.