गृहशोभामीमांसा: करवीरखंड

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्या लागतात, असा दंडक आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय, कोल्हापुरातल्या घरांत पाहुण्याच्या नजरेच्या टप्प्यात मांडून ठेवलेल्या वस्तू. प्रयोजन काही नाही. संबंध असलाच तर लांबचा. राहिला अधिकारी. दुसऱ्याच्या घरी चहा पिताना यजमान आत वळले की जो फुलदाणी उचलून तिच्या बुडाची किमतीची चिठ्ठी वाचतो, तोच या शास्त्राचा अधिकारी. इतरांनी हा ग्रंथ मिटून सरळ रंकाळ्यावर भेळ खायला जावे.

आता लक्षण. शोभेची वस्तू कशाला म्हणावे? ‘जी कशाच्याच उपयोगी नाही ती’ ही लोकांच्या तोंडची व्याख्या अतिव्याप्तीने बाद होते, कारण तिच्यात कुटुंबातली काही माणसेही येतात. ‘जी सुंदर दिसते ती’ म्हणावे, तर अव्याप्तीचा दोष लागतो. त्या व्याख्येत प्लास्टिकचा, आत लाल दिवा लागणारा ताजमहाल बसत नाही आणि शोकेसमध्ये तर तो मधल्या फळीवर ऐसपैस बसलेला असतो. तेव्हा दोन्ही व्याख्या बाजूला सारून आम्ही आमचे सूत्र मांडतो: निवृत्तं शोभते. जे कामावरून निवृत्त झाले, ते शोभू लागते.

उदाहरणार्थ, तांब्याचा बंब. तो पहाटेपासून शेणी आणि चिपाडे खाऊन सात माणसांचे पाणी तापवत होता, तोवर त्याची जागा न्हाणीघराबाहेर, धुराने काळ्या झालेल्या भिंतीजवळ होती. चिंच लागायची ती दिवाळीत. घरात गिझर आला आणि बंबाचे नशीब उघडले. आता तो दिवाणखान्याच्या दारात उभा आहे, पोटात मनीप्लांट घेऊन. आणि त्याला घासायला बाजारातून खास पावडर येते. शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांचीही तीच कथा. मशीन मोडीत गेले, पायांवर काच आली आणि टेबल तयार झाले. मात्र खालची पायपट्टी अजून हलते. त्या टेबलाशी पोहे खायला बसलेला पाहुणा नकळत पाय चालवू लागतो आणि पोहे संपेपर्यंत, हिशेब केला तर, एका परकराची शिलाई सहज होते.

या सूत्राला राजमान्य पुरावा हवा असेल तर नवा राजवाडा गाठावा. 1877 ते 1884 या काळात काळ्या घडीव दगडात उभी राहिलेली ही वास्तू मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडाही त्यांचाच. आतल्या संग्रहालयात शस्त्रे आहेत, पोशाख आहेत, दरबार हॉलमध्ये शिवचरित्रातले प्रसंग दाखवणाऱ्या रंगीत काचा आहेत. शाळेच्या सहली हे सगळे भराभरा उरकतात आणि पेंढा भरलेल्या जनावरांसमोर थबकतात. आमच्या शास्त्राचे गर्भगृहही तेच. तिथे वाघाच्या कवटीचे आणि गेंड्याच्या पावलाचे रक्षापात्र आहे. बिबट्याच्या मणक्यांची हातात धरायची काठी आहे.

या तिन्हींचा वेगवेगळा विचार केला पाहिजे. बिबट्याचा मणका हयातभर चालण्या-पळण्याच्या खात्यात होता. काठी झाल्यावरही खाते बदलले नाही, फक्त मालक बदलला. याला आम्ही वृत्तिसातत्य म्हणतो. गेंड्याचे पाऊल जमिनीवर होते, फार तर तिवईवर चढले, हा अल्पविकार. वाघाच्या कवटीचे प्रकरण मात्र अवघड आहे. ज्या जबड्याच्या धाकाने गुरे दावणीला थरथरत, त्याने आता कुणीतरी चिरूट झटकील म्हणून वाट बघायची. ही बढती म्हणावी की खातेनिहाय चौकशीनंतरची पदावनती, हे वाचकाने ठरवावे. स्पष्ट सांगायचे तर त्या दालनात प्रस्तुत लेखकाच्या पोटात कालवते. पण पोटात कालवणे हे प्रमाण म्हणून कोणत्याही दर्शनाने मानलेले नाही, म्हणून पुढे जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या शाखेत नवी भर पडणे बंद झाले. राजारामपुरीतल्या वन बीएचकेला राजघराण्याची बरोबरी करण्याचा एक मार्ग त्यामुळे खुंटला, आणि त्या जागी वाघाच्या पट्ट्यांचे मखमली सोफाकव्हर आले.

इथे पूर्वपक्षी उठून उभा राहतो. तो म्हणतो, ‘तुमचे सूत्र मोडीच्या वस्तूंपुरते ठीक. पण शोरूममधून कोरी आणलेली मूर्ती कधी कामाला गेली होती? ती जन्मापासून शोभेचीच. मग निवृत्ती कसली?’

शंका रास्त आहे आणि तिचे समाधान पंचगंगेच्या काठी सापडते. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940 च्या दशकात उत्खनन झाले. सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली, आणि भांड्यांत भरून ठेवलेल्या ब्राँझच्या वस्तूंचा साठाही. त्यात एक मूर्ती पोसायडनची. ग्रीकांचा हा समुद्रदेव, रोमन व्यापाराच्या वाटेने इकडे आलेला. आज तो टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. (टाउन हॉलही मँट साहेबांचाच. आमच्या शास्त्राला एवढी दालने पुरवणारा दुसरा वास्तुकार नाही.) आता विचार करा. समुद्रदेवाचे काम काय? लाटा उठवणे, गलबते बुडवणे, खलाशांकडून नवस वसूल करणे. सह्याद्री चढून करवीरात आल्यावर यातले त्याला काय करता येणार? पंचगंगेला पूर येतो खरा, पण त्यासाठी तिला परदेशी सल्लागार लागत नाही. म्हणजे हा देव हद्दीबाहेर बदली झाल्यामुळे निवृत्त झाला, आणि निवृत्त झाला म्हणून कुणाच्या तरी घरात शोभला. लाफिंग बुद्ध, आयफेल टॉवर, आतल्या पाण्यात बर्फ पडणारा काचेचा गोळा, या सर्वांना हाच न्याय लावावा. कोरी वस्तूही घरी येताना आपली हद्द सोडून येते. पूर्वपक्षी खाली बसला.

त्या साठ्यातली एक गोष्ट मात्र सुजाण वाचकाच्या नजरेतून सुटू नये. मूर्ती देवळीत सापडली नाही, भांड्यात भरलेली सापडली. पंडित याची कारणे काहीही देवोत. ‘चांगलं आहे, वापरून खराब करू नका, वर ठेवा,’ हे वाक्य कोल्हापुरात सुमारे दोन हजार वर्षे बोलले जात असावे, असा आमचा तर्क आहे. आजही पाहुण्यांचा टी-सेट माळ्यावर खोक्यात असतो आणि पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात मिळतो.

मोल ठरण्याची प्रक्रिया पाहायची तर पुस्तके मिटून भंगारवाल्याकडे जावे. लक्ष्मीपुरीच्या बाजूला ऐकलेला एक संवाद इथे मूळ पाठासह देतो.

‘मामा, ही पितळी किटली कशी दिली?’

‘दूध घालाय पायजे का शोभंला?’

‘शोभेला.’

‘मग नगावर. दूध घालणार आसशीला तर किलोवर लावतो.’

‘बरं, नगावर घेतो. पण जरा घासून द्या.’

‘घासली की परत किलोवर येती बघा.’

सौंदर्यशास्त्रावर मराठीत जाडजूड ग्रंथ आहेत. पण उपयोग आणि शोभा यांतला भेद इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितल्याचे आमच्या पाहण्यात नाही. काळवंडलेपण हे निवृत्तीचे प्रमाणपत्र आहे. किटली चकाकली की ती पुन्हा नोकरीस पात्र ठरते आणि तिची किंमत उतरते. गिऱ्हाइकाने शेवटी किटली तशीच, डागांसकट नेली, आणि घरी वहिनींनी ती संध्याकाळपर्यंत लिंबू लावून लख्ख केली, असे समजते.

काही वस्तू जन्मतःच पेन्शन घेऊन येतात, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. पहिली, चांदीची गदा. शाहू महाराजांनी बांधलेल्या आणि 1912 मध्ये तयार झालेल्या खासबाग मैदानाच्या या शहरात पैलवानाच्या घरी ती काचेच्या कपाटात आडवी ठेवलेली असते. ती कुणाच्या डोक्यात घालायची नसते, कारण आत लाकूड आणि वर चांदीचा पत्रा. पोचा आला तर हुपरीच्या कारागिराकडे न्यावी लागेल. दुसरी, अंगठ्याएवढी कोल्हापुरी चप्पल, जी किल्लीला लटकते. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, पण या बारक्या जोडीत कापशीचा ठसठशीतपणा असला तरी पाय कुणाचाच जात नाही. काही दुकानांच्या दारात याच्या उलट, माणूस झोपेल एवढी चप्पल ठेवलेली असते. तिच्यात पाय जातो, पण चालता येत नाही. तात्पर्य, आकार बिघडवला की सक्तीची निवृत्ती मिळते.

आता दुसरे सूत्र, आणि इथे शास्त्र घरात शिरते: शोभितं पुनर्नियुज्यते. शोभेला ठेवलेल्या वस्तूला घर पुन्हा कामाला लावतेच. दिवाणखान्यात पितळी घंगाळ येते. पहिले चार दिवस त्यात पाणी, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. पाचव्या दिवशी डास. मग पाणी जाते आणि किल्ल्या येतात. किल्ल्यांपाठोपाठ लाईटबिल, रबरबँड, डॉक्टरांची चिठ्ठी, रिमोटचे जुने सेल आणि कुणाच्या तरी लग्नातले अक्षतांचे पाकीट. महिन्याभरात घंगाळ घराचे आवक-जावक कार्यालय होते. लाकडी झोपाळ्यावर शाळेचे कपडे वाळतात. हौसेने भिंतीवर लावलेल्या जुन्या खुंटीला ‘ही नुसती शोभेची आहे हं’ असे बजावूनही हेल्मेट अडकते. हे सर्व घडवून आणणारी शक्ती म्हणजे घरची बाई. वस्तू रिकामी बसलेली तिला पाहवत नाही. नवऱ्याच्या बाबतीत हे सूत्र चालते काय, असा प्रश्न एका विद्वानाने विचारला होता. तो विषय वेगळ्या खंडाचा आहे.

वाघाच्या कवटीचा निकालही आता लावता येतो. ती वाघपणातून निवृत्त झाली तिथे पहिले सूत्र, आणि राखेसाठी पुन्हा रुजू झाली तिथे दुसरे. दोन्ही सूत्रे एकाच वस्तूत नांदण्याचे इतके जुने उदाहरण दुसरे आम्हाला ठाऊक नाही. नवे मात्र हमरस्त्याच्या एका जेवणाच्या हॉटेलात पाहायला मिळाले. तिथे मालकाने गावगाडा भिंतीवर चढवला आहे: बैलगाडीचे चाक, नांगर, घोंगडी, कंदील. दारात गुऱ्हाळाची काहील, तिच्यात कमळे. एका टेबलाच्या वर बैलांचे जू टांगलेले, आणि नेमके त्याच्याखाली करवीर तालुक्यातले एक शेतकरी मामा तांबडा रस्सा भुरकत होते. त्यांनी एकदा वर पाहिले, दोनदा पाहिले, आणि मॅनेजरला हाक मारली.

‘भावा, जू उलटं टांगलंयस. शिवळा खाली पायजेत.’

मॅनेजर म्हणाला, ‘म्हायती हाय मामा. पर त्येच्यावर बल्ब बसवायचं हुतं.’

मामांनी पुन्हा वर बघितले. चारही शिवळांच्या टोकांना बल्ब होते आणि उजेड बरोबर ताटात पडत होता.

‘मग ऱ्हाऊ दे,’ मामा म्हणाले. ‘कामाला तरी लागलंय.’ आणि त्यांनी पांढऱ्या रश्श्यासाठी वाटी पुढे केली.