दप्तरी

आमच्या कार्यालयात आस्थापना शाखा आणि लेखा शाखा यांच्यामध्ये अकरा फुटांचं अंतर आहे. एका रिकाम्या दुपारी मी ते टेपनं मोजलं होतं. एवढं अंतर कापायला साध्या पत्राला आठवडा सहज लागायचा. ते आधी जावकला चढायचं, मग पलीकडच्या आवकला उतरायचं, आणि तिथल्या मॅडम त्यावर 'मोघम आहे' असा शेरा मारून ते परत धाडायच्या. समोरासमोर बसलेली, एकाच पंख्याखाली घाम पुसणारी माणसं एकमेकांना 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की' असं कळवत असत. तोंडानं काही बोलायचं असेल तर मध्ये आबा लागायचे.

आबा म्हणजे आमचे दप्तरी. पद चतुर्थश्रेणी; काम नस्त्यांना भोकं पाडायचं, टॅग ओवायचं, गठ्ठे बांधायचं. ज्या लाल फितीला अवघा महाराष्ट्र शिव्या घालतो, ती प्रत्यक्षात बांधणारे हात हे. (आमच्याकडची फीत बरीच वर्षं पांढरी आहे, पण शिव्या द्यायला लालच बरी पडते.) खिशात दाभण, कानावर अर्धी पेन्सिल, आणि चालणं असं की आवाज फक्त किल्ल्यांचा यावा. असा एक आबा बँकेत असतो, शाळेत असतो, मोठ्या काचेच्या कंपनीतही असतो. तिथं फक्त त्याच्या गळ्यात ओळखपत्र लटकतं. नेमणुकीच्या आदेशात ज्याचा उल्लेख नाही असं एक काम तो करतो. अबोला धरलेल्या माणसांच्या मध्ये उभा राहतो.

नुसता उभा राहत नाही. आस्थापनेचे भाऊसाहेब गरजायचे, "त्या बाईंना सांग, नियम आम्हालाही वाचता येतात!" आबा अकरा फूट चालत जायचे आणि म्हणायचे, "मॅडम, भाऊसाहेब म्हणतात, नियम एकदा तुमच्याकडूनच समजून घ्यावा." मॅडम फणकारायच्या, "समजून घ्यायला डोकं लागतं." आबा परत येऊन सांगायचे, "मॅडमचं डोकं दुखतंय, तरी उद्या बघते म्हणाल्या." ही भाषांतराची नोकरी त्यांनी अनेक वर्षं बिनपगारी केली. मूळ मजकुराशी इतकं बेइमान आणि दोन्ही पक्षांशी इतकं प्रामाणिक भाषांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

सरकारी दप्तराची वर्गवारी आबांना तोंडपाठ. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब'चे 30 वर्षं, 'क'चे 10 वर्षं, आणि 'ड'चे एक वर्ष झालं की नष्ट. कार्यालयातली भांडणंही ते याच हिशोबानं लावत. डब्यातलं लोणचं न विचारता घेतलं, ते 'ड'. खुर्ची आणि पंखा, 'क'. पदोन्नतीत डावललं गेलं, तो 'अ' वर्ग. त्याला हातच लावायचा नाही, माणूस निवृत्त झाला तरी ते मागे राहतं. आणि लग्नकार्यातला मानपान? "ते 'ब', साहेब. तीस वर्षं. मध्येच फाडायला गेलात तर चौकशी लागते."

मध्यंतरी एका व्याख्यात्यांना बोलावून 'संघभावना' या विषयावर दिवसभराची कार्यशाळा झाली. ते बोलले चांगलं. ब्रूस टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1965 साली मांडलेले गटाचे टप्पे त्यांनी सांगितले: माणसं आधी जमतात, मग भांडतात, मग रुळतात, मग कामाला लागतात. मागे चहाची किटली घेऊन उभे असलेले आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "आपला दुसऱ्या टप्प्यावर कायम मुक्काम दिसतोय." मग रिंगलमान नावाच्या फ्रेंच माणसाच्या दोरखेचीच्या प्रयोगांचा विषय निघाला. त्यानं 1913 साली छापलं होतं की आठ जण मिळून दोर ओढतात तेव्हा जोर जेमतेम चौघांच्या ताकदीएवढा भरतो. सभागृह चकित झालं. आबांना नवल वाटलं नाही. "चौघं ओढतात," ते म्हणाले, "बाकीचे चार हजेरीपुरता दोर धरतात. त्यातले दोन उलटे ओढत नाहीत, हेच नशीब." शेवटी आम्हा सगळ्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या भरवशावर मागे पडायला लावलं. मॅडम पडायला उभ्या राहिल्या. झेलायला कोण आहे, हे पट्टीच्या फटीतून पाहून त्या खाली बसल्या.

खरी परीक्षा मार्चमध्ये आली. प्रवासभत्त्याचं देयक लेखा शाखेतून तिसऱ्यांदा आक्षेप लागून परत आलं. तारीख 28. 31 तारखेपर्यंत ते कोषागारात गेलं नाही तर निधी व्यपगत, आणि उन्हातान्हात फिरलेल्या बावीस माणसांचे पैसे पाण्यात. पहिला आक्षेप अक्षरी रकमेबद्दल होता, दुसरा शाईबद्दल, तिसरा वाचताच आला नाही. साहेबांनी तातडीची बैठक घेतली. उद्दिष्ट, समन्वय, एक कुटुंब असं सगळं बोलून झालं. दोन्ही शाखांनी माना डोलावल्या, आणि इतिवृत्त कुणी लिहायचं यावरून नवं भांडण घेऊनच सगळे बाहेर पडले. वरिष्ठांची ही जुनीच समजूत असते की माणसं उद्दिष्टावरून भांडतात. मी नोकरीभर पाहतोय, उद्दिष्टावरून भांडण्याएवढं उद्दिष्ट कुणी वाचलेलंच नसतं.

कारण ठाऊक होतं ते आबांना. दोन वर्षांपूर्वी भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा प्रत्येक शाखेत नावानिशी पत्रिका गेल्या. लेखा शाखेत मात्र सात टेबलांना मिळून एकच. वर लिहिलेलं: 'सर्व कर्मचारी वृंद'. पत्रिका कमी पडल्या होत्या, एवढंच. पण मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "आम्ही काय वृंद? बँडवाले आहोत?" त्या दिवसापासून आस्थापनेचा एकही कागद बिनआक्षेपाचा गेला नव्हता.

योगायोगानं भाऊसाहेबांच्या नातवाचं बारसं एप्रिलात होतं. आबांनी त्यांना काहीही समजावलं नाही. "पाकिटं माझ्याकडं द्या, नावं मी लिहून घेतो, आमच्या पोराचं अक्षर बरंय," एवढंच म्हणाले. 29 तारखेला सकाळी लेखा शाखेच्या सात टेबलांवर सात पाकिटं होती. सात नावं, श्री. आणि सौ. जिथल्या तिथं, कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट. मॅडमनी आपलं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि कुणाकडेही न बघता देयक मागवलं. दुपारी चारला त्यावर सही होती. शाई तीच होती.

बारशाला लेखा शाखा झाडून गेली. मॅडमनी बाळाला चांदीचा वाळा घातला. त्यानंतर जे घडलं ते आमच्या कार्यालयाच्या अंगवळणी नव्हतं. मॅडम बसल्या जागेवरून हाक मारायच्या, "भाऊसाहेब, हजेरीपत्रक द्या हो इकडं," आणि भाऊसाहेब स्वतः उठून द्यायचे! त्यातच ई-ऑफिस आलं. नस्ती आता काखेतून जाईना. बटण दाबलं की पलीकडच्या पडद्यावर. आबांचं म्हणणं, यात माणूस कळत नाही. पूर्वी नस्ती टेबलावर ठेवली की आपटली, यावरून आत काय लिहिलंय ते न उघडता समजायचं.

आबा कपाटाजवळच्या स्टुलावर बसून राहू लागले. कुणी निरोप देईना. भोकं पाडायला कागद नव्हते. दाभण त्यांनी दोनदा तेल लावून पुसली. चहाही कमी झाला. भांडणातला चहा दोन्हीकडे वेगवेगळा सांगावा लागायचा, आता एकदाच यायचा. मी विचारलं, "आबा, बरं वाटत नाही का?" "बरंय की," ते म्हणाले. "सगळं बरंय. तेच तर."

महिनाभर त्यांनी कळ काढली. मग मेच्या एका रणरणत्या दुपारी ते पाण्याची बाटली ठेवायला मॅडमच्या टेबलापाशी गेले. तिथं जरा रेंगाळले, मान वर करून पंख्याकडे पाहिलं, आणि अगदी सहज म्हणाले,

"वारा तिकडच्या बाजूलाच जास्त जातो, नाही का हो मॅडम?"